मार्सेलिनाच्या दोन चुली

मार्सेलिना मिरांडाला काहीही विचारा, एक आकडा मिळत नाही. मसाला कधी मिळेल, तर मंगळवार ते शुक्रवार. बाटल्या किती होतील, तर चाळीस धर, पंचेचाळीसपर्यंत जातील. स्वतःचं वयही ती साठ ते बासष्ट असं सांगते. यात लपवाछपवी नाही. चर्चच्या नोंदीत एक साल आहे, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मग एकावरच कशाला बोट ठेवायचं, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा इसिडोर विमानतळाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला वेल्डर. त्याला मिलिमीटरची सवय. तो या गोष्टीला आयुष्यभर वैतागलेला आहे.

"लग्नात फादरनी विचारलं, ह्याला नवरा म्हणून पत्करतेस काय," तो आलेल्या-गेलेल्याला सांगतो, "मला वाटलं, ही बोलेल, बहुतेक."

"नाय बोलली बहुतेक," मार्सेलिना आतून म्हणते. "आयुष्यात तेवढं एकदाच नक्की बोलली. आणि बघा काय झालं."

मरोळच्या गावठाणात तिचं बसकं, कौलारू घर आहे, आणि त्याला लागून आमची सतरा मजली 'गगनदीप' सोसायटी. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, थेट तिच्या अंगणावर. भाजी चिरता चिरता मी तिचं अर्धं आयुष्य पाहिलं आहे, आणि तिने माझं अर्धं ऐकलं असणार, कारण मला हळू बोलता येत नाही.

मरोळचे हे जुने ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात आणि घरात मराठी बोलतात. ईस्टर झाला की त्यांच्या अंगणात मसाल्याचे दिवस येतात. तीन-चार जातींच्या मिरच्या उन्हात पसरतात. धणे, तीळ, खसखस, गहू, हरभऱ्याची डाळ, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजायचं, लाकडी उखळात कांडायचं, चाळायचं, आणि बिअरच्या धुतलेल्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. त्यावरूनच नाव पडलं, बॉटल मसाला. मार्सेलिनाच्या अंगणात हे काम करायला दर वर्षी चार-पाच बायका जमतात. त्यांच्यात एक मालन. ती कणकवलीकडची, सासरे गिरणीत होते, आणि एरवी ती नाक्यावर पोळी-भाजी विकते. बायका कांडताना गातात, भांडतात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात. पण या सगळ्याच्या मध्यभागी असते चूल. तीन बाजूंनी मातीची भिंत, वर हातभर रुंद लोखंडी कढई, खाली लाकडं. आणि धूर.

धुराबद्दल मी खोटं बोलणार नाही. तो माझ्या खिडकीतून आत येई, पडद्यांना बसे, वरणात उतरे. मार्सेलिनालाही तो आवडत नव्हता. "धूर कुणाला आवडतो काय? संध्याकाळी डोळे असे होतात, जसं काय कोण मेलं," ती म्हणे. मग गॅसवर का नाही, असं मी तिला एकदा विचारलं. करून पाहिलं होतं. मोठी कढई मधोमध तापायची, कडेला गार राहायची. धणे अर्धे काळे, अर्धे कच्चे. त्या वर्षीचा मसाला तिने विकला नाही. तो इसिडोरने वर्षभर खाल्ला आणि वर्षभर ऐकवला.

तर यंदा एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी अनिरुद्ध तिच्या फाटकात उभा राहिला. अनिरुद्ध बँकेत आहे, सज्जन आहे, आणि वाईट बातमी द्यायची असली की घसा फार साफ करतो.

"आंटी, राग मानू नका हां. कमिटीत ठरलंय. धुराचं काहीतरी करावं लागेल. महिन्याअखेरच्या मीटिंगपर्यंत कमी नाही झाला तर वॉर्ड ऑफिसात तक्रार जाणार. आईला माझ्या फार त्रास होतो हो. दुसऱ्या मजल्यावर आहोत ना आम्ही, सरळ आत येतो."

मार्सेलिनाच्या हातात चाळण होती. ती खाली ठेवून तिने विचारलं, "खोकला परत चालू झाला काय त्यांचा?"

"रात्रभर."

"हं." तिने पदराला हात पुसले. "तक्रार गेली तर काय होणार?"

"चूल बंद करायला सांगतील. बहुतेक."

बहुतेक हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती. तिचा चेहरा उतरला. जाता जाता अनिरुद्ध वळला.

"आणि आंटी, माझ्या दोन बाटल्या धरल्यात ना?"

"दोन ते तीन," मार्सेलिना म्हणाली.

त्या दिवशी बायकांनी गाणी म्हटली नाहीत. चूल गेली तर मसाला गेला, आणि मसाला गेला तर या बायका कशाला यायच्या? मार्सेलिनाची दोन्ही मुलं बाहेरदेशी. वर्षाचे दहा महिने त्या अंगणात एक स्कूटर, एक नळ आणि इसिडोर एवढंच असतं. "मग हे अंगण पार्किंगला देऊन टाकू," ती म्हणाली. इसिडोरने हातातला चहा न पिता ठेवला, आणि त्यावरून मला कळलं की ही थट्टा नव्हती.

माझी भाची निधी एम.एस्सी.साठी माझ्याकडे राहते. विषय संख्याशास्त्र. एरवी तिचं लक्ष घरात नसतं. पण चुलीची हकीकत ऐकून तिने कॉलेजातल्या सरांना विचारलं आणि कमी धुराच्या चुलीचा एक नकाशा आणला. नकाशा पाहताच इसिडोर दहा वर्षांनी लहान झाला. त्याने कुठूनसं तेलाचं पिंप आणलं, त्याच्या आत दुसरं छोटं पिंप बसवलं, मध्ये राख भरली, आणि वरच्या कडेला ओळीने भोकं पाडली. खालून हवा लाकडांना मिळते आणि वरच्या भोकांतून आणखी गरम हवा आत येते, म्हणजे धूर बाहेर पडण्याआधीच बराचसा जळून जातो. आठवडाभर वेल्डिंगच्या ठिणग्या माझ्या खिडकीतून दिसत होत्या. चूल तयार झाली तेव्हा त्याने तिच्यावर चंदेरी रंगसुद्धा दिला.

"रॉकेट दिसतंय," मालन म्हणाली. "माझे धणे कुवेतात नेऊन टाकूचा नाय म्हणजे झाला."

पहिल्याच दिवशी मार्सेलिनाने निकाल दिला. "धूर अर्धा झाला. अर्धा ते पाऊण."

"कशावरून?" निधीने विचारलं.

"डोळ्यांवरून. आज कमी झोंबले."

"आंटी, आज वारा होता. आणि तुम्हाला तो कमी व्हायला हवा आहे, म्हणून डोळेसुद्धा तुमच्या पार्टीचे झाले असतील."

"काय गं ही पोरगी!" मार्सेलिना माझ्या खिडकीकडे बघून ओरडली. "माझ्या डोळ्यांवर केस टाकते!"

निधीने कॉलेजातून एक डबी आणली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, आत छोटा पंखा. हवेतले अगदी बारीक कण, जे छातीत खोल जाऊन बसतात, ते ती मोजते. ही डबी अंगण आणि सोसायटी यांच्यामधल्या भिंतीवर टांगायची. चूल पेटवण्याआधी एकदा मोजायचं, कारण मरोळची हवा तशीही गाड्यांनी आणि मेट्रोच्या धुळीने भरलेली असते. मग चूल पेटली की मोजायचं, आणि आधीचं वजा करायचं. मोजणीच्या वेळी रोज धणेच भाजायचे, एकाच गोणीतले, तितकेच. इथपर्यंत मार्सेलिनाने मान डोलावली.

"आणि रोज सकाळी नाणं उडवायचं," निधी म्हणाली. "छापा आला तर नवी चूल, काटा आला तर जुनी."

"माझी चूल मी कुठली पेटवायची ते नाणं सांगणार?"

"तुम्ही ठरवलंत तर वारा बघून ठरवाल."

"बघीनच! वारा टॉवरकडे असला तर नवी पेटवीन. शहाणी बाई तसंच करेल."

"म्हणूनच नाणं. तुम्ही शहाण्या आहात, त्याला अक्कल नाही. नाहीतर शेवटी आपण वारा मोजू, चूल नाही."

मार्सेलिनाने यावर जरा विचार केला आणि पैशांच्या डब्यातून पाच रुपयांचं एक नाणं काढून निधीच्या हातावर ठेवलं. "हे घे. इसिडोरचं नको. त्याचं नाणं पण त्याच्यासारखं हट्टी असेल."

दोनेक आठवडे असे गेले. नाणं उडे, चूल पेटे, डबी गुणगुणे. इसिडोर रोज डबीखाली उभा राहून आकडा वाचायचा प्रयत्न करी आणि निधी त्याला तिथून हाकलून देई. मग एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन अंगणात गेली. मीही गेले. आता नुसतं खिडकीतून बघून माझं भागत नव्हतं.

"सरासरी काढली तर नव्या चुलीचा धूर जुन्या चुलीपेक्षा तेहतीस टक्के कमी आहे," ती म्हणाली.

इसिडोरने टाळी वाजवली. तो फाटकाकडे निघालासुद्धा. गावठाणभर सांगायचं होतं.

"अंकल, थांबा. पुढचं ऐका. तेहतीस हा फक्त सर्वांत जवळचा अंदाज. खरं उत्तर असं आहे की धूर साठ टक्के कमी झाला असेल, पण दहा टक्के वाढलाही असू शकेल. या दोन टोकांच्या मधलं काहीही."

"वाढला?" इसिडोर जागीच थांबला. "माझ्या चुलीने?"

"म्हणजे मी म्हणत नाही वाढला. मी म्हणते, आपल्या मोजणीवरून तसं नाही असं सांगता येत नाही. पट्टा उणे दहापासून साठपर्यंत आहे आणि शून्य त्याच्या पोटात बसलंय. शून्य म्हणजे काही फरक नाही."

"मग काढ ना त्याला बाहेर!"

मार्सेलिना मात्र हसायला लागली होती. आधी नुसती खांदे हलवून, मग पदराने तोंड पुसत. "इसू, ऐकलंस? एवढी शिकलेली पोर. कॉलेजात जाऊन शिकून आली. आणि उत्तर कसं देते? इतक्यापासून इतक्यापर्यंत!"

"याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात," निधी म्हणाली. "विश्वासाचा पट्टा म्हणा."

"माझ्याकडे तीस वर्षं हाय हा. नाव माहीत नव्हतं एवढंच."

"नाही आंटी, तुमचा वेगळा." निधी कुणाला सहजी श्रेय देत नाही, आमच्या माहेरचं रक्त आहे. "तुम्ही मंगळवार ते शुक्रवार म्हणता ते अंदाजाने, आणि चार दिवसांची मोकळीक ठेवता. गेल्या वर्षी मावशीची बाटली रविवारी आली होती."

"रविवारी लग्न होतं मालनच्या पुतण्याचं!"

"तेच. तुमचा पट्टा किती वेळा चुकतो, ते तुम्ही कधी मोजलं नाही. माझा किती वेळा चुकेल, ते मी आधीच सांगते. तुमचा भाऊ मनोरीला मासे मारतो ना? समजा, मासा एका जागी बसलाय, हलत नाही, पण पाण्यात दिसत नाही. आपण वरून जाळं टाकतो. ही सगळी मोजणी पहिल्यापासून शंभर वेळा केली, तर शंभर जाळी पडतील, प्रत्येक थोडं वेगळ्या जागी. त्यातल्या पंच्याण्णवांत तो मासा सापडेल अशा मापाचं जाळं मी विणते. पाच वेळा नाही सापडणार."

"आणि आपलं जाळं त्या पाचातलं असेल तर?"

"कळणार नाही."

मार्सेलिनाने या उत्तराकडे आदराने पाहिलं, असं मला वाटलं. "बरं. पण तुझं जाळं फार मोठं हाय गो. उणे दहा ते साठ! एवढ्या जाळ्यात मासा पण येईल, बोट पण येईल."

"कारण दिवस थोडे, आणि आकडे फार विखुरलेले. जुन्या चुलीचे आकडे त्या मानाने जवळजवळ आहेत. नव्या चुलीचे एक दिवस एकदम खाली, दुसऱ्या दिवशी एकदम वर. तेच मला कळत नाही. लाकूड तेच, धणे तेच."

हे कोडं मी सोडवलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते भोपळ्याने सोडवलं. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी भोपळा कापत होते, तो टणक निघाला आणि मला बराच वेळ तिथेच उभं राहावं लागलं. खाली छापा आला होता. मार्सेलिनाने नव्या चुलीत लाकडं रचली, इकडेतिकडे पाहिलं, घरात गेली आणि काहीतरी पदराखाली घेऊन आली. ते तिने चुलीत टाकलं, छातीवर क्रूस केला, आणि पेटवलं. पांढऱ्या धुराचा एक लोट वर आला आणि भिंतीवरच्या डबीला मिठी मारून गेला.

"निधी!" मी ओरडले. म्हटलं ना, मला हळू बोलता येत नाही.

पदराखालची वस्तू म्हणजे झावळी होती. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादून देतात. लोक त्या घरातल्या क्रूसामागे वर्षभर खोचून ठेवतात. जुन्या झाल्या की कचऱ्यात टाकायच्या नसतात, जाळायच्या असतात. आणि मार्सेलिनाच्या सासूची रीत अशी की नवी चूल घरची होईपर्यंत, म्हणजे तिच्यावरच्या मसाल्याची पहिली बाटली भरेपर्यंत, पेटवताना दर वेळी तिच्यात आशीर्वादित झावळीचा तुकडा आणि चिमूट-दोन चिमूट ऊद घालायचा. जुनी चूल केव्हाच घरची झालेली. तिला काही लागत नव्हतं.

"दर वेळी घातलंत?" निधीने डोक्याला हात लावला.

"मी पेटवली तेव्हा. मालनने पेटवली तेव्हा तिने काय घातलं, तिला विचार."

"माका काय म्हायत ह्या?" मालन म्हणाली. "मी आपला कागद घालून पेटवतंय."

म्हणजे मालनच्या हातचे दिवस खाली होते आणि मार्सेलिनाच्या हातचे वर. आम्ही इतके दिवस थोडी चूल आणि थोडी भक्ती मोजत होतो.

"सोपं हाय," इसिडोर म्हणाला. "हिचे दिवस काढून टाक. मालनचे ठेव. धूर एकदम कमी येईल बघ."

"तेच तर. कमी येईल म्हणून काढायचे, हे मला चालणार नाही. अंकल, मी निकाल बघितलाय आता. बघून झाल्यावर कुठले दिवस ठेवायचे आणि कुठले फेकायचे हे मी ठरवायला लागले, तर नाणं कशाला उडवलं आपण? नियम आधी ठरवायचा, मग मोजायचं. पहिल्यापासून."

"मीटिंग रविवारी हाय!"

"माहीत आहे."

सगळे मार्सेलिनाकडे बघू लागले. ती नव्या चुलीच्या चंदेरी पत्र्यावर आलेली काजळी बोटाने पुसत होती. तिला ती चूल हवी होती, हे स्पष्ट दिसत होतं. आणि तिच्या हातात तेहतीस हा एक छान, गोल नसला तरी भरदार आकडा होता. मीटिंगमध्ये कुणी पट्टा विचारणार नव्हतं.

"मी मोडता घालायला नव्हती घातली गो झावळी," ती निधीला म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणूनच."

"मला माहीत आहे, आंटी."

रविवारी आमच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाणीपट्टी झाली, लिफ्ट झाली, मग धूर आला. मार्सेलिना चर्चचा पोशाख तसाच ठेवून आली होती, शेजारी इसिडोर इस्त्रीच्या शर्टात. अनिरुद्धची आई जयंतीबाई पहिल्या रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या.

अनिरुद्धने घसा साफ केला. "आंटींनी नवी चूल केली आहे, हे कौतुकास्पद आहे. आता एकच प्रश्न. धूर कमी झाला का, आणि किती? एक आकडा सांगा, मिनिट्समध्ये लिहितो, विषय संपला."

इसिडोरचे ओठ हलले. तेहतीसचा 'ते' माझ्या कानापर्यंत आला. मार्सेलिनाने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"अजून माहीत नाय," ती म्हणाली.

खुर्च्या करकरल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही मोजलं. झाला असेल असं वाटतं. पण नक्की सांगता येत नाय, कारण मोजण्यात माझी चूक झाली." आणि तिने झावळीची गोष्ट सगळी सांगितली, ऊदासकट. कुणी हसलं, कुणी नाही. "परत मोजायचंय. मे महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. पाऊस आला की मसाला तसा पण बंद."

"मोजा ना," पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. "नवी चूल पेटवा आणि मोजा."

"नुसती नवी पेटवून कसं कळणार?" निधी मागून म्हणाली. "जुनीसुद्धा पेटवावी लागेल. तुलना करायची आहे."

अनिरुद्धचं पेन थांबलं. "एक मिनिट. म्हणजे धूर कमी आहे हे सिद्ध करायला तुम्ही आम्हाला अजून धूर देणार?"

"हो," मार्सेलिना म्हणाली. "थोडा. जास्ती पण असेल."

आता मात्र सगळे हसले. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, "आणि हे आकडे खरे कशावरून? चूल यांची, डबी यांची, नाणं यांचं."

हे खरं होतं. मार्सेलिनाने पाकिटातून ते पाच रुपयांचं नाणं काढलं. ती उठली, पहिल्या रांगेपाशी गेली आणि ते जयंतीबाईंच्या हातात ठेवलं.

"तुम्ही उडवा. खोकता तुम्ही, तर नाणं पण तुमच्याकडे. सकाळी खिडकीतून ओरडून सांगा, छापा की काटा. मी तीच चूल पेटवीन."

जयंतीबाईंनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "आणि मी खोटं सांगितलं तर? रोज नवीच पेटव म्हटलं तर?"

"तर माझी मोजणी बिघडेल आणि चूल जाईल. मग मसाला पण जाईल."

"मसाला जायला नको," जयंतीबाई विचार करून म्हणाल्या. "अनिरुद्ध, दे यांना वेळ."

त्या संध्याकाळी, डबी बंद असताना, मार्सेलिनाने घरातल्या सगळ्या उरल्यासुरल्या झावळ्या आणि मूठभर ऊद नव्या चुलीत एकदमच घातला. जुन्या चुलीवरच्या मसाल्याची आधीच भरलेली एक बाटली तिने शेजारी उभी केली. सासूची रीत पुरी झाली, असं तिने आकाशाकडे बघून जाहीर केलं. वरून काही हरकत आली नाही. सहार विमानतळाच्या दिशेला उतरणारं एक विमान तेवढं गेलं.

मग रोज सकाळी दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडू लागली. "काटा!" जयंतीबाई ओरडत, आणि स्वतःच्या खिडकीची काच ओढून घेत. "छापा!" आला की काच उघडीच ठेवून बघत बसत, पोळीचा घास हातात धरून. काही दिवसांनी त्या वरूनच सूचना देऊ लागल्या, "अगं, मालन, हलव ते, करपेल." मालन खालून उत्तर देई, "येवा ना आजी खाली, हलवा!" पेटवायची आता फक्त मालनने, तेही कागदानेच, असा नियम निधीने आधीच लिहून ठेवला होता. मार्सेलिना चूल पेटताना पाठ करून उभी राही, हात मागे बांधून. सवय हातात असते, ती म्हणे, डोक्यात नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात निधी पुन्हा लॅपटॉप घेऊन अंगणात बसली. या वेळी जयंतीबाईही खाली आल्या होत्या, अनिरुद्धचा हात धरून. इसिडोर उभाच होता. मार्सेलिना कांडत होती. थांबली नाही. फक्त मुसळाचा ठोका हळू पडू लागला.

"सरासरी बत्तीस टक्के कमी," निधी म्हणाली.

"मागच्यापेक्षा एक गेला!" इसिडोर म्हणाला.

"अंकल, सरासरी सोडा. पट्टा बघा. अठरा ते सत्तेचाळीस."

मुसळ थांबलं. "शून्य?" मार्सेलिनाने विचारलं.

"बाहेर. पार बाहेर."

मालनने शिट्टी मारली. ती तिला येते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अनिरुद्धने घसा साफ केला, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "मग मिनिट्समध्ये बत्तीस लिहू?"

"अठरा ते सत्तेचाळीस लिही," जयंतीबाई म्हणाल्या. "खरं ते लिही. अठरा असला तरी धूर आहेच की थोडा, माझ्या छातीला विचार. सकाळी दहाच्या आत भाजून घ्या म्हणावं, मी तेव्हा देवपूजेला मागच्या खोलीत असते."

"नऊ ते दहा," मार्सेलिना म्हणाली.

"दहाच्या आत," जयंतीबाई म्हणाल्या.

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "दहाच्या आत," मार्सेलिना म्हणाली. आयुष्यातलं हे दुसरं नक्की असावं.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी चूल स्वतःच्या हातांनी फोडली. मला वाटलं रडेल. पण मला दिसली ती पदर खोचून ढेकळं फोडणारी, पाणी शिंपडून माती मळणारी बाई. मळून झाल्यावर तिने तो गोळा उचलला आणि इसिडोरच्या चंदेरी पिंपाला बाहेरून लिंपायला सुरुवात केली.

"मार्सी! काय करतेस? माझा पेंट!"

"सासूची माती हाय. चाळीस वर्षं भाजलेली. ही फेकायची काय? आणि तुझा पत्रा पाय भाजतो माझा."

निधी आंघोळीला निघाली होती, टॉवेल खांद्यावर. तिने माझ्या खिडकीतून खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आंटी! मातीने चूल बदलली! आता उष्णता वेगळी, हवा वेगळी. अठरा ते सत्तेचाळीस हे या चुलीचं नाही राहिलं!"

मार्सेलिनाने मातीचे हात वर करून आमच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या मजल्याकडे.

"जयंतीबाय!" तिने हाक मारली. "नाणं ठेवलंय ना? पुढच्या वर्षी लागेल."